अफगाण युद्धाची रसद: कराची की रीगा?
अफगाणिस्तानात लढणाऱ्या अमेरिका-नाटोच्या फौजांसाठी कराचीहून तोरखम किंवा चमन या पाक-अफगाण सीमेवरच्या नाक्यांमार्गे माल नेणं जवळचं, स्वस्त होतं. पण किल्ली पाकिस्तानच्या हातात होती. नोव्हेंबर २०११ मध्ये नाटोच्या हल्ल्यात सीमेजवळच्या सलाला चौकीवर २४ पाकिस्तानी सैनिक मारले गेले आणि पाकिस्तानने दोन्ही नाकी बंद केली, ती थेट जुलै २०१२ पर्यंत. रांगेत अडकलेले इंधनाचे टँकर जाळले जात, ते वेगळंच. शिवाय एकाच दारावर विसंबलं, की तालिबानला आसरा देणाऱ्या पाकिस्तानलाही जाब विचारता येत नाही. आमच्या मते खरं नुकसान हेच.

उत्तरेचा मार्ग २००९ मध्ये सुरू झाला. लाटव्हियातल्या रीगा बंदरात कंटेनर उतरवून रेल्वेने रशिया, कझाकस्तान, उझबेकिस्तान ओलांडत सीमेवरच्या तिर्मिझहून अफगाणिस्तानातल्या हैरतानला. लांबचा आणि महाग: नाकाबंदीच्या काळात अमेरिकेला महिन्याला सुमारे १० कोटी डॉलर जादा मोजावे लागले. त्यात या रेल्वेने शस्त्रं नेता येत नसत.