‘पूर्णपणे गंजरोधक’ टाकी: मिठाच्या पाण्यात टिकत नाही

मिठाचे द्रावण साठवण्यासाठी घेतलेली ही ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची टाकी बांधणीला मजबूत आहे, तिचे झाकण घट्ट बसते आणि तोटी गळत नाही. साध्या पाण्यासाठी ती घ्यायला माझी काहीच हरकत नाही. माहितीपत्रकात मात्र ती मिठाच्या पाण्यातही ‘पूर्णपणे गंजरोधक’ असल्याचे छापले आहे, आणि नेमका तोच दावा खोटा ठरतो.

काही महिन्यांतच तळाच्या वेल्डिंगलगत टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस ठिपके उमटले. पुसल्यावर डाग गेले, पण खाली बारीक खड्डे उरले, आणि त्यांत सुई घातल्यावर ती तोंडाच्या मानाने बरीच खोल गेली. भोवतीचा पत्रा मात्र नव्यासारखा चकचकीत होता. स्टेनलेस स्टीलला जपणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो. मिठातल्या क्लोराइडने तो एखाद्या कमकुवत जागी फोडला, की खड्ड्यात विरघळणाऱ्या धातूमुळे आतले द्रावण आम्लधर्मी होते, आणखी क्लोराइड आत ओढले जाते आणि थर पुन्हा जमत नाही. बाहेरचा सगळा पत्रा कॅथोड (जो शाबूत राहतो) आणि खड्ड्यापुरती जागा ॲनोड (जिथे धातू विरघळतो), अशी ही विषम विभागणी असल्याने वजनात फारशी घट न होताही पत्र्याला आरपार भोक पडू शकते.

उत्पादकाचा हलगर्जीपणा वेल्डिंगमध्ये दिसतो. जोडाच्या कडेची निळसर-पिवळी छटा तशीच सोडली आहे; तिच्याखाली क्रोमियमचे प्रमाण घटलेले असते, म्हणून तो भाग आम्लाने साफ करून घेणे आवश्यक होते. तोटीच्या वॉशरखालच्या फटीतही गंज धरला आहे.

३१६ दर्जात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने तो अशा खड्ड्यांना अधिक काळ दाद देत नाही. क्रोमियमच्या टक्केवारीत मॉलिब्डेनमची ३.३ पट आणि नायट्रोजनची १६ पट मिळवून खड्ड्यांना होणाऱ्या प्रतिकाराचा जो निर्देशांक काढतात (जितका जास्त, तितका प्रतिकार अधिक), तो ३०४ साठी साधारण १८ ते २०, ३१६ साठी २३ च्या पुढे आणि २२०५ या डुप्लेक्स (दोन स्फटिकरचना एकत्र असलेल्या) स्टेनलेस पोलादासाठी सुमारे ३५ येतो. तरीही कोमट, साचलेल्या मिठाच्या पाण्यासाठी मी ३१६ वरही विसंबणार नाही. द्रावण थंडच ठेवायचे असेल, तर जाड पॉलिथिलीनची टाकी सरस.

ही टाकी आधीच घेतलेली असेल, तर द्रावण तिच्यात साचू देऊ नये आणि प्रत्येक वापरानंतर ती साध्या पाण्याने खळखळून धुवावी. वॉरंटीच्या भरवशावर राहू नये, कारण तिच्या बारीक अक्षरांतल्या अटींमध्ये क्लोराइडमुळे होणारे नुकसान स्पष्टपणे वगळले आहे.