कोपर्निकस ब्राउझर : बालाघाट-अजिंठ्याच्या पायऱ्या वरून बघायच्या तर

मराठवाड्याच्या डोंगरांत ज्वालामुखीचं तोंड शोधू नका, सापडणार नाही. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा आला, थरावर थर बसले आणि पुढे नद्यांनी ते कोरले. (लोणारचं गोल सरोवरही उल्केच्या आघातानं झालेलं आहे, व्यास सुमारे 1.8 किमी.) कठीण कातळाचा कडा होतो, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थराचा उतार होतो. वरून बघायच्या त्या या पायऱ्या, आणि त्यासाठी उपग्रहचित्रं दाखवणारं युरोपीय संघाचं कोपर्निकस ब्राउझर हे मोफत संकेतस्थळ चांगलं आहे. गुगल अर्थवर चित्र जास्त स्पष्ट दिसतं, पण तिथे वेगवेगळ्या तारखांचे तुकडे जोडलेले असतात. इथे तारीख आपण निवडतो.

यादीतून सेंटिनल-2 हा उपग्रह आणि एल2ए (हवेचा परिणाम काढून टाकलेली चित्रं) घ्या. एक ठिपका 10 मीटरचा, म्हणजे घर ओळखू येत नाही, कडा येतो. कड्यातली लाल बोलाची (दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातीची) पट्टी मात्र इतकी पातळ असते की तिची आशा सोडा. चित्र शोधताना ठरवायची ढगांची टक्केवारी जवळपास 110 किमी बाजूच्या पूर्ण चौकोनाची असते. 40 टक्के ढग असलेल्या चित्रातही तुमचा डोंगर स्वच्छ असू शकतो, म्हणून मर्यादा फार खाली ओढू नका.

खरी गोम तारखेत आहे. ऑक्टोबरात गवत आणि पिकं सगळं झाकतात. एप्रिल-मेमध्ये खडक उघडा पडतो, पण ऊन जवळजवळ डोक्यावर असल्यानं सावली तोकडी पडते. कड्यांसाठी जानेवारीची अखेर उत्तम: गवत वाळलेलं, ऊन तिरकं.

मात्र याच चित्रात एक फसगत होते. उपग्रह सकाळी अकराच्या सुमारास जातो, तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं. नकाशात उत्तर वर असल्यानं प्रकाश खालून आल्यासारखा दिसतो. डोळ्याला वरून येणाऱ्या उजेडाची सवय, त्यामुळे दरी डोंगर वाटते आणि डोंगर दरी. अजिंठ्याजवळची वाघोरा नदीची नालाकृती घळ उंच वरंब्यासारखी दिसू लागली तर समजा, डोळे फसले. चित्र उतरवून 180 अंशांत फिरवा, लगेच ठीक दिसतं. नाहीतर त्रिमितीचं बटण दाबा. त्यात उंची वाढवायची सोय आहे, पण दुप्पट पुरे. त्यापुढे बालाघाट हिमालय होतो. त्रिमिती मोबाईलवर अडखळते, लॅपटॉप बरा.

खडक आणि माती वेगळी करायची तर कस्टम या पर्यायात बी12, बी11, बी2 हे पट्टे (उपग्रह टिपतो ते प्रकाशाचे वेगवेगळे भाग) लाल, हिरवा, निळा असे ठेवा. पहिले दोन 20 मीटरचे आहेत, म्हणून कडा जरा धूसर होतात. शिवाय काळी माती याच बेसॉल्टची, म्हणजे लाव्हाच्या कातळाची, झीज असल्यानं नांगरलेलं रान आणि उघडा कातळ पुष्कळदा सारखेच दिसतात. अशा वेळी रंगापेक्षा आकारावर भरवसा ठेवावा. देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट-नाईस हा लाव्हाचा नसलेला खडक लागतो, तिथे पायऱ्या संपतात.

भाषा मराठी नाही, ही मोठी उणीव. चित्र उतरवायला खातं लागतं, तेही फुकट. मोजमाप करायचं असेल तर उतरवण्याच्या चौकटीतल्या अॅनालिटिकल या भागातून टिफ (ठिकाणाची नोंद असलेली चित्र-फाइल) घ्या. एका वेळी एका बाजूला 2500 ठिपके, म्हणजे 25 किमीची बाजू मिळते. नकाशाच्या निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक (ईपीएसजी) 32643 ठेवा. किनवट 78 रेखांशापलीकडे जातं, तिथे 32644.