कास्ट आयर्न बुलेट ३५० : जुनी गाडी घेतल्यानंतरचा अनुभव आणि घेण्याआधी काय पाहावे

उजव्या पायाने गिअर आणि डाव्या पायाने ब्रेक असलेली रॉयल एनफील्डची जुनी बुलेट ३५० मी गेल्या दसऱ्याच्या सुमारास घेतली. गाडी १९९६ सालची असून एमएच ०९ क्रमांकाची, म्हणजे कोल्हापूरचीच आहे. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि गगनबावडा रस्त्यावरचा बराचसा पावसाळा तिच्यावर काढल्यानंतर हे लिहीत आहे. अशी गाडी घ्यावी की नाही, असे अनेकजण विचारतात. माझे मत असे की कागदपत्रे अखंड असलेली, रोज चालत असलेली, रंग उडालेली गाडी मिळाली तर अवश्य घ्यावी. नव्याने रंगवून, क्रोम चढवून विक्रीला उभी केलेली गाडी मात्र कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

हे मत समजण्यासाठी आधी इंजिन समजून घ्यावे लागते. जुन्या बुलेटमध्ये तीन वेगवेगळी घराणी आहेत. पहिले कास्ट आयर्नचे, ज्यात सिलिंडर ओतीव लोखंडाचा आणि गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो. दुसरे ॲल्युमिनियमचे एव्हीएल इंजिन, जे मॅकिस्मो या मॉडेलमध्ये आले. आणि तिसरे २००८ नंतर आलेले यूसीई, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात आहेत. पैकी पहिले इंजिन मुळात इंग्लंडच्या रेडिचमधील आराखड्यावर आधारलेले असून १९५५ पासून ते मद्रासमध्ये जोडले आणि पुढे बनवले जाऊ लागले. त्याचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनच्या वर-खाली जाण्याचे अंतर) ९० मिलिमीटर, म्हणजे क्षमता ३४६ सीसी आहे. ताकद जेमतेम १८ हॉर्सपॉवर. स्ट्रोक इतका लांब असल्यामुळे कमी वेगात ओढ भरपूर मिळते, आणि त्याच कारणाने ताशी सत्तरच्या पुढे हँडल व फूटरेस्ट थरथरू लागतात. पन्नास ते पासष्टच्या दरम्यान ही गाडी अतिशय समाधानाने चालते. ज्यांना महामार्गावर याहून वेगाने जायचे आहे, त्यांनी इथेच थांबावे आणि यूसीई इंजिनाची गाडी पाहावी, कारण कितीही खर्च केला तरी हा स्वभाव बदलत नाही.

गाडी पाहायला जाताना मालकाला एकच विनंती करावी, की आम्ही येण्यापूर्वी ती सुरू करू नका. पोहोचल्यावर सिलिंडरच्या फिन्सना हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करावी. थंड इंजिन सुरू करताना जे दिसते ते गरम इंजिनात लपते. बरेच दिवस उभ्या असलेल्या बुलेटचे तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरते आणि पहिल्या किकनंतर थोडा वेळ निळसर धूर येतो. तो काही मिनिटांत विरला तर चिंतेचे कारण नाही. गाडी तापल्यावरही ॲक्सिलरेटर पिळताच धूर येत राहिला, तर पिस्टनची रिंग किंवा बोअर गेलेला आहे. तसेच आवाजाचे. पिस्टनचा खडखडाट थंडपणी जास्त असतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. बिगएंडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडणाऱ्या बेअरिंगचा, ठोका मात्र उलट वागतो. तेल पातळ झाले की तो वाढतो आणि चढावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिनावर भार असताना खालच्या बाजूने स्पष्ट ऐकू येतो. म्हणून चाचणी सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून संपवू नये. मी जोतिबाच्या डोंगराच्या चढावर गाडी नेली होती आणि तिथे तिसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम हळू चढवली. बिगएंड गेलेला असेल तर पूर्ण इंजिन उघडावे लागते, क्रँक दाबून वेगळा करावा लागतो आणि पुन्हा सरळ बसवावा लागतो. हे काम करणारा जाणकार कारागीर मिळणे, हाच खरा प्रश्न असतो.

याबाबतीत कोल्हापूरकर सुदैवी आहेत. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोरिंग आणि क्रँकची कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत, आणि ज्या भागांचा जोडीदार बाजारात मिळत नाही ते बनवूनही मिळतात. सुटे भाग ही या गाडीची अडचण नाहीच; तेच इंजिन इतकी दशके बनत राहिल्यामुळे पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत सर्व काही मिळते, आणि पुण्यात नाना पेठेत फिरल्यास तर निवडीला वाव असतो. अडचण दर्जाची आहे. दिसायला सारखे असलेले दोन कंडेन्सर घेतले तरी त्यातला एक काही दिवसांत दम तोडतो. माझ्या गाडीचे पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर एका दुकानातून आणलेल्या हलक्या मालाचे निघाले आणि ऐन आषाढात, गगनबावड्याच्या अलीकडे, ठिणगी पूर्ण बंद झाली. मिस्त्रींनी त्यानंतर चांगल्या प्रतीचा संच बसवला, पॉइंटमधील फट फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान ठेवली आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाचे जुने रबर बदलले. तेव्हापासून मुसळधार पावसातही ती बंद पडलेली नाही. एक जास्तीचा कंडेन्सर आणि पॉइंटचा संच आता कायम टूलबॉक्समध्ये असतो, आणि प्रत्येक मालकाने तो ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन.

किकची भीती पुष्कळांना असते, पण ती अनाठायी आहे. किल्ली फिरवून किक सावकाश दाबत गेले की ॲम्पिअर मीटरचा काटा डावीकडे झुकतो आणि एका क्षणी मध्यावर परत येतो. तिथे डिकॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, लिव्हर दाबून किक किंचित पुढे न्यावी, लिव्हर सोडावी, किक वर येऊ द्यावी आणि मग पूर्ण पाय टाकावा. ठिणगीचे टायमिंग बरोबर असेल तर माझ्यासारख्या बेताच्या शरीरयष्टीच्या माणसालाही ती पहिल्या-दुसऱ्या किकमध्ये सुरू करता येते. किक उलटी मारणारी गाडी दिसली, तर ठिणगी फार लवकर पडते आहे असे समजावे. तो दोष दुरुस्त होण्याजोगा असला, तरी किंमत ठरवताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

गिअरबद्दल थोडे गंभीरपणे सांगायला हवे. पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली, तेही उजव्या पायाने. ज्यांच्या घरी दुसरी आधुनिक मोटरसायकल आहे आणि जे दोन्ही गाड्या आलटून-पालटून चालवणार आहेत, त्यांनी विशेष सावध राहावे, कारण अचानक कोणी आडवे आले की पाय सवयीने उजवीकडे दाबला जातो आणि तिथे ब्रेक नसतो. दोन्ही ब्रेक ड्रमचे असल्यामुळे थांबायला अंतरही जास्त लागते. करूळ घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या आधाराने उतरतो आणि ब्रेक फक्त वळणापुरते वापरतो. ड्रम तापले की त्यांची पकड कमी होते.

आता कागदपत्रे. माझ्या दृष्टीने हा भाग इंजिनापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण बिघडलेले इंजिन दुरुस्त होते, पण बिघडलेली नोंदणी कधीकधी होत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. माझ्या गाडीचे पासिंग २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये वेळेवर झालेले होते, आणि हेच पाहून मी ती निवडली. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या दुचाकीसाठी ते २,००० रुपये झाले आहे. त्याशिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. खरा फटका मुदत उलटून गेलेल्या गाडीला बसतो, कारण उशिराच्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपयांचे अतिरिक्त शुल्क नियमात आहे. चार वर्षे पासिंग न केलेली गाडी स्वस्तात मिळते आहे असे वाटले, तर या एकाच बाबीचे १४,४०० रुपये त्या किमतीत मिळवून पाहावेत.

हस्तांतरणासाठी विक्रेत्याच्या सहीचे नमुना २९ आणि ३० हवेत. मूळ मालक हयात नसेल तर वारसाने नमुना ३१ प्रमाणे आधी स्वतःच्या नावावर गाडी करून घ्यावी आणि मगच विकावी. आपल्याकडे सीमाभागामुळे केए २२ किंवा केए २३ क्रमांकाच्या गाड्या पुष्कळ दिसतात आणि त्या थोड्या स्वस्तही असतात. परंतु त्यांना तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि इथे कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो, त्यामुळे ती स्वस्ताई फारशी उरत नाही. गाडीची माहिती परिवहनच्या ॲपवर दिसते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे. जुन्या नोंदणी पुस्तकांच्या नोंदी कित्येकदा संगणकावर चढलेल्याच नसतात आणि मग आधी बॅकलॉग नोंदीसाठी हेलपाटे घालावे लागतात. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी आणि ती पुस्तकातील आकड्यांशी जुळवावी. क्रमांकाभोवती घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग असेल तर तिथूनच परत फिरावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही त्याच वेळी विचारावे. विम्याचा खर्च मोठा नाही. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला १,३६६ रुपये अधिक जीएसटी इतका आहे.

वापराचा खर्च म्हणाल, तर पहिल्या काही महिन्यांत खरेदीच्या किमतीच्या सुमारे एक चतुर्थांश रक्कम टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, वायरिंग आणि कार्बोरेटर यांत गेली. ती जाणारच होती, आणि गाडीची किंमत ठरवताना मी ती आधीच बाजूला काढून ठेवली होती. त्यानंतर खर्च एकदम उतरला. लिटरला साधारण तीस किलोमीटर मिळतात. इंजिन ऑइल २०डब्ल्यू५० वापरतो आणि ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या अंतरापेक्षा लवकर बदलतो, कारण या इंजिनाचे गाळण फार साधे आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ही गाडी बनलेली नाही, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग नव्या, टिकाऊ प्रकारचे बसवून घेतले आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणारा मेन जेट एक नंबर मोठा केला. इथेनॉल हवेतील ओल शोषते, त्यामुळे आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. टाकीच्या तोंडातून टॉर्च मारून आतला गंज पाहणे, ही खरेदीच्या वेळची तपासणी आता पूर्वीपेक्षा अधिक गरजेची झाली आहे.

ज्यांच्याकडे ही एकच गाडी असेल आणि सकाळी वेळेवर कामावर पोहोचणे भाग असेल, त्यांना मी ती घेण्याचा सल्ला देणार नाही. ज्यांच्या गावात पॉइंटचे इंजिन समजणारा मिस्त्री नाही आणि ज्यांना स्वतः स्पॅनर हातात घ्यायचा नाही, त्यांनाही नाही. परंतु ज्यांच्याकडे रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, महिन्यातून एखादा रविवार चेन, टॅपेट आणि पॉइंट पाहण्यात घालवायला ज्यांची हरकत नाही, त्यांना एवढे टिकाऊ, एवढे उघड आणि एवढे दुरुस्त होण्याजोगे यंत्र या किमतीत दुसरे मिळणार नाही. माझ्या गाडीचे पुढचे पासिंग २०२६ मध्ये आहे; त्याआधी हेडलाइटचा परावर्तक आणि मागचे दोन्ही इंडिकेटर बदलायचे आहेत, आणि क्लच प्लेट सरकू लागल्या आहेत, त्याही दिवाळीच्या आत करून घ्यायच्या आहेत.