टोकाला काटकसर, मुठीला हौस: स्वतःचा फ्लाय रॉड बांधताना काय निवडावं

फ्लाय रॉड, म्हणजे दोरा-पिसांची नकली माशी जड लाइनच्या जोरावर फेकून मासे धरायची काठी, स्वतः बांधायचा ठरवला की पहिला अडथळा येतो तो निवडीचा. ब्लँक म्हणजे रॉडची नुसती काठी, तिच्यावरून लाइन वाहून नेणाऱ्या कड्या, म्हणजे गाइड, शेंड्याची शेवटची कडी, म्हणजे टिप-टॉप, बुचाची मूठ, रील बसवायची सीट, गाइड बांधायचा दोरा आणि त्यावर चढवायचा राळेचा लेप, म्हणजे इपॉक्सी. यातल्या प्रत्येकाचे चार-पाच प्रकार समोर येतात. नवखा माणूस बहुतेक वेळा रील सीटच्या लाकडापासून सुरुवात करतो, कारण डोळ्यांत भरतं ते तेच. माझं सांगणं उलटं आहे: टोकापासून सुरुवात करा आणि मुठीकडे या.

यामागे साधं गणित आहे. रॉड मुठीभोवती फिरतो, आणि फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. मुठीपासून १ फुटावरचा १ ग्रॅम आणि ८ फुटांवरचा १ ग्रॅम यांत ६४ पटींचा फरक पडतो. म्हणून टोकाकडच्या अर्ध्या रॉडवर ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब करायचा आणि मुठीपाशी मनाची हौस पुरवायची.

मला हे उमगलं ते एका ७ फुटी फायबरग्लास ब्लँकवर. ३ नंबरच्या, म्हणजे हलक्या लाइनचा, नुसता हलवून पाहिला तेव्हा अगदी जिवंत वाटलेला. त्यावर मी दणकट, दोन पायांचे, एक माप मोठे गाइड बसवले आणि इपॉक्सीचे जाड थर दिले. रॉड बांधून झाला तेव्हा त्यातला जीव गेलेला होता. फेक थांबवली तरी शेंडा दोन-तीनदा हेलकावे खायचा आणि लाइनमध्ये लाटा उठायच्या. शेवटी ब्लेडने सगळे दोरे कापले, टोकाकडे एका पायाचे बारीक गाइड लावले, इपॉक्सी पातळ ठेवलं. ब्लँक तोच होता, पण हातात दुसराच रॉड आला.

ब्लँक: कार्बन, काच की बांबू

पदार्थ ठरवण्याआधी लाइनचा नंबर ठरवा, आणि तो माशावरून आणि पाण्यावरून ठरतो. १९६१ साली अमेरिकेत ठरलेल्या मानकानुसार लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ३ नंबर म्हणजे १०० ग्रेन, ५ नंबर १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि ८ नंबर २१० ग्रेन. छोट्या ओढ्यातल्या ट्राउटला ३ किंवा ४, मोठी नदी आणि मिश्र वापराला ५, वाऱ्यात जड माशी फेकायची किंवा समुद्रकिनारी जायचं तर ८. हे ठरलं की मग पुढचा प्रश्न.

कार्बन, म्हणजे ग्राफाइट, हा आजचा सरधोपट पर्याय, आणि तो उगाच नाही. हा धागा १९६०च्या दशकात विकसित झाला, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत त्यावर मोठं काम झालं, आणि १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्राफाइटचे रॉड बाजारात आणले. वजनाच्या मानाने इतका ताठपणा दुसऱ्या कशातच नाही. ९ फुटी रॉड दिवसभर हातात धरायचा, लांब फेकायचं, समोरून वारा आहे, तर कार्बनला तोड नाही. दुखणं एकच: तो घाव विसरत नाही. फेकताना जड मण्याची माशी ब्लँकवर आपटली तर वरून काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी तिथेच मोडतो.

ब्लँकच्या वर्णनात मॉड्युलसचे आकडे ठळक लिहिलेले असतात. त्यांच्यावर फार भाळू नका. मॉड्युलस धाग्याचा ताठपणा सांगतो. रॉड कुठे आणि किती वाकेल ते ठरतं उतारावर, म्हणजे ब्लँक बुडापासून शेंड्यापर्यंत कसा निमुळता होत गेलाय आणि भिंत कुठे किती जाड आहे त्यावर. जास्त मॉड्युलसचा धागा तुटण्याआधी कमी ताणला जातो, हेही लक्षात ठेवावं.

फायबरग्लास जड आहे आणि मऊ आहे, आणि ८ फुटांपर्यंत हाच त्याचा गुण आहे. २०-२५ फुटांच्या फेकीत बाहेर जेमतेम थोडीशी लाइन असते. तेवढ्या वजनाने वेगवान कार्बन रॉड वाकतच नाही, फेक सगळी मनगटाने ढकलावी लागते. काचेचा रॉड तेवढ्यावरही मुठीपर्यंत वाकतो. बारीक टिपेटवर, म्हणजे माशी बांधायच्या शेवटच्या पातळ दोऱ्यावर, मासा धडपडतो तेव्हा ही लवचीक काठी झटके पिऊन टाकते. आपटणं-धोपटणंही ती जास्त सहन करते. ८ फुटांच्या पुढे मात्र टोक जड वाटायला लागतं, आणि तिथे मी काचेचा सल्ला देणार नाही.

बांबूचं प्रकरण वेगळं. चीनच्या ग्वांगडाँग भागातला टोंकिन बांबू चिरून सहा पट्ट्या काढतात, प्रत्येक ६० अंशांच्या कोनात रंधून त्रिकोणी करतात आणि चिकटवून षटकोनी काठी तयार होते. रंधा मारताना इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब असतो. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि हा बांबू मिळेनासा झाला. त्याच सुमारास फायबरग्लासचे रॉड बाजारात आलेले होतेच, आणि बांबू मागे पडला. पट्ट्या स्वतः रंधणं ही स्वतंत्र कारागिरी आहे, त्यात एखादा हिवाळा सहज जातो. तयार बांबू ब्लँक घेऊन फक्त साज चढवता येतो, पण तोही पहिल्या रॉडला नको. त्याला धातूचे सांधे अचूक बसवावे लागतात, रेशमी दोरा लागतो, व्हार्निश लागतं, आणि चूक झाली तर नुकसान मोठं.

एकच रॉड बांधणार असाल तर ९ फुटी, ५ नंबरचा, चार तुकड्यांचा, मध्यम-वेगवान कार्बन ब्लँक घ्या. आधीच तसा रॉड घरात असेल आणि पाणी अरुंद असेल तर साडेसात फुटी, ४ नंबरचा काचेचा ब्लँक घ्या. बांधण्याचं खरं सुख त्यात मिळेल. दोन तुकडे की चार, यावर फार वेळ घालवू नका. सांधे हल्ली इतके चांगले असतात की प्रवासाची सोय पाहावी.

दोन ब्लँकची तुलना हाताने हलवून करू नका, हात फसवतो. विल्यम हॅनमन यांची एक सोपी पद्धत आहे. बूड आडवं घट्ट बांधायचं, शेंड्याला पिशवी लटकवायची आणि शेंडा रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश खाली येईपर्यंत त्यात अमेरिकन सेंटची नाणी टाकत जायचं. नाण्यांच्या संख्येवरून ब्लँकची खरी ताकद कळते. दुसरं कुठलंही सारख्या वजनाचं नाणं चालेल, दोन्ही ब्लँकना तेच वापरलं म्हणजे झालं. ५ नंबरचा म्हणून विकलेला ब्लँक प्रत्यक्षात ६ चा निघणं नवलाचं नाही.

गाइड

माझ्या मते पैसे आणि विचार दोन्ही ब्लँकच्या खालोखाल इथे खर्च करावेत. तुलना मुख्यतः दोघांत आहे. स्नेक गाइड ही वळवलेल्या तारेची नागमोडी कडी, तिला दोन पाय, म्हणजे दोन ठिकाणी दोरा गुंडाळायचा. सिंगल-फूट गाइडला एकच पाय, म्हणून दोरा निम्मा, इपॉक्सी निम्मं, वेळ निम्मा. वजनाचा विचार केला तर सिंगल-फूट सरळ जिंकतो. मजबुतीत स्नेक पुढे: तो दोन्हीकडून धरलेला असतो, झुडपात अडकून ओढला गेला तरी सुटत नाही. म्हणून ६ नंबरपर्यंत टोकाकडच्या अर्ध्या भागात सिंगल-फूट, आणि ७ च्या वर पूर्ण स्नेक, अशी माझी वाटणी आहे. बांबूवर मात्र मी स्नेकच लावतो. तिथे तो शोभतो.

तारेत साधं कठीण क्रोम चढवलेलं स्टील उत्तम टिकतं. निकेल-टायटॅनियमचे गाइड चपटे झाले तरी पुन्हा उभे राहतात आणि गंजत नाहीत, त्यामुळे खाऱ्या पाण्याला आणि गाडीत रॉड कसाही टाकणाऱ्याला ते घ्यावेत. बुडाकडचा पहिला मोठा गाइड, ज्याला स्ट्रिपिंग गाइड म्हणतात, त्यात सिरॅमिकची कडी असावी. लाइन हाताने ओढताना सगळं घर्षण तिथेच होतं, आणि तो मुठीजवळ असल्यामुळे वजनाची चिंता नाही. ५ नंबरला १० किंवा १२ मिलिमीटरचा एक पुरतो, ८ नंबरला दोन घालावेत.

संख्येचा जुना ठोकताळा असा की रॉड जितके फूट, त्यापेक्षा एक जास्त, टिप-टॉप वेगळं. ९ फुटीला १०. तयार तक्त्यातली अंतरं सुरुवातीला ठीक, पण गाइड चिकटपट्टीने लावून लाइन ओवा, शेंडा बांधून रॉड वाकवा आणि बाजूने पाहा. दोन गाइडांच्या मध्ये लाइन ब्लँकचा बाक सोडून सरळ रेषेत तणावली असेल तर तिथलं अंतर जास्त आहे. एक गाइड अर्धा इंच सरकवला की फरक दिसतो.

गाइड कुठल्या बाजूला लावायचे यावरही वाद आहे. ब्लँक दाबून गोल फिरवला की एका बाजूला तो उसळतो. तो त्याचा कणा. कोणी कण्याप्रमाणे गाइड लावतात, कोणी ब्लँक जिथून सगळ्यात सरळ दिसतो त्याप्रमाणे. मी दुसऱ्या बाजूचा. फ्लाय रॉडचे गाइड खाली असतात, त्यामुळे भार आला तरी रॉड पिळत नाही, कणा कुठेही असो. मग वाकडा दिसणारा रॉड कशाला बांधायचा?

मूठ आणि रील सीट

इथे हौस करा. तयार बुचाची मूठ घ्यायची की चकत्या चिकटवून स्वतः घडवायची, हा खरा प्रश्न. तयार मुठीचं भोक गोल कानशीने ब्लँकच्या उताराप्रमाणे मोठं करावं लागतं. जरा जास्त घासलं की मधे पोकळी राहते आणि ती गोंदाने भरावी लागते. अर्धा इंच जाडीच्या चकत्यांची मूठ करायला दोन संध्याकाळी जास्त जातात, पण प्रत्येक चकतीचं भोक तिच्या जागेपुरतं असतं आणि आकार तुमच्या हाताचा येतो. आधी तिचा घेर तुमच्या तळव्याला विचारून ठरवा. तळवा लहान असेल तर बाजारातली मूठ बहुधा जाड पडते, आणि जाड मुठीने दुपारपर्यंत हात भरून येतो. हलक्या रॉडला सिगार किंवा एकाच टोकाला फुगीर हाफ-वेल्स आकार, ७ नंबरच्या वर दोन्हीकडे फुगीर फुल-वेल्स, म्हणजे अंगठ्याला टेकायला जागा मिळते. बूच मात्र छिद्रं कमी असलेलं घ्या. बुचाच्या झाडाची साल ९ वर्षांतून एकदाच काढतात, आणि गच्च, स्वच्छ चकत्या थोड्याच निघतात.

रील सीटमध्ये वर आवळणारी, म्हणजे अप-लॉकिंग, सगळ्यांत भरवशाची. खाली आवळणारी सीट छोट्या हलक्या रॉडला छान, रील अगदी बुडाला जाते. नुसत्या सरकत्या कडीची सीट सर्वांत हलकी, पण दिवसातून एकदा ती कडी दाबून पाहावी लागते. निकेल सिल्व्हर सुरेख दिसतं, वजनाला भारी आहे आणि नावात असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त. समुद्रासाठी अॅनोडाइज केलेलं अॅल्युमिनियम, आणि तिथे लाकूड नको.

दोरा आणि फिनिश

कार्बन-काचेला नायलॉन, बांबूला रेशीम. साधा नायलॉन इपॉक्सी लागताच पारदर्शक होऊन गडद दिसतो. रंग तसाच राहायला हवा असेल तर रंग टिकवणारं द्रव्य आधी लावा किंवा तसाच तयार दोरा घ्या.

इपॉक्सी की व्हार्निश? इपॉक्सी दोन थरांत काम संपवतं, व्हार्निशला पाच-सहा हात लागतात. मी इपॉक्सीच सुचवेन, पण पातळ प्रकारचं. दोन्ही भाग वेगवेगळ्या सिरिंजने समान मोजा, अंदाजाने ओतू नका. प्रमाण चुकलं की थर आठवडाभर चिकट राहतो आणि खरवडून काढावा लागतो. तीन-चार मिनिटं हळूहळू ढवळा, मग फॉइलवर पसरा, म्हणजे बुडबुडे निघून जातात. लावल्यावर रॉड सावकाश फिरत राहिला पाहिजे, नाहीतर थर एका बाजूला ओघळून साचतो. थर दोऱ्याची वीण जेमतेम झाकेल इतकाच असावा. प्रत्येक गाइडवर लिंबाच्या बीसारखा फुगवटा आला तर तो पुन्हा टोकावरचंच वजन आहे.

दोरा गुंडाळून झाला की इपॉक्सीआधी अंगठ्याने प्रत्येक गाइड बाजूला ढकलून पाहा. जोर लावल्यावर केसभर सरकला तर ताण बरोबर आहे. अगदीच हलत नसेल तर दोरा जास्त आवळलाय, आणि वाकताना गाइडचा पाय ब्लँकमध्ये रुततो. म्हणूनच पायाचं टोक बसवण्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासून कागदासारखं पातळ करायचं. नखाला अडकलं नाही की समजा झालं. दोराही त्यावर उडी न मारता चढतो.

किट घ्यावं की सुटे भाग? ब्लँक आधी पक्का केला असेल तर सुटे भाग. ब्लँकबद्दल काहीच ठरत नसेल तर किट बरं, फक्त त्यातले गाइड टोकाकडे जड असतील तर तेवढे बदला.

काहीही चिकटवण्याआधी एक दुपार राखून ठेवा. गाइड चिकटपट्टीने लावा, मूठ आणि सीटच्या जागी जाडसर टेप गुंडाळून त्यावर रील बांधा आणि रिकाम्या गवतावर ३० फूट लाइन हळुवार फेका. फेक थांबवल्यावर शेंडा किती वेळा हलतो ते मोजा. मग वरचे दोन-तीन गाइड एक माप लहान करून पुन्हा फेका. चिकटपट्टी निघेपर्यंत प्रत्येक निर्णय बदलता येतो.