टॉमकॅट १०.१ : सर्व्हर उत्तम, पण ॲप्लिकेशन हलवताना डोळ्यांत तेल हवे

टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरच्या ९ व्या आवृत्तीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणारी ॲप्लिकेशन्स ज्यांना १०.१ वर हलवायची आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. सर्व्हर म्हणून अपाचे टॉमकॅट १०.१ बद्दल माझी तक्रार नाही. जावा ११ किंवा त्यापुढील आवृत्तीवर तो चालतो, सर्व्हलेटचे (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा घटकाचे) ६.० हे मानक पाळतो आणि पूर्वीइतकाच आटोपशीर आहे. त्याचे गुणदोष कळतात ते आधीची ॲप्लिकेशन्स त्यावर बसवताना.

सर्वांत मोठा बदल नावाचा आहे. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई (सर्व्हरवरील ॲप्लिकेशन्ससाठीचा जावाचा मानकसंच) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे ठरवले खरे, पण ‘जावाएक्स’ हे त्यातील पॅकेजेसचे (कोडच्या गटांचे) नाव पुढील बदलांसाठी वापरण्याची मुभा दिली नाही. त्यामुळे टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटची सगळी पॅकेजेस ‘जकार्ता’ या नावाखाली गेली. यातली खरी अडचण अशी की, ज्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व्हलेटची नोंद वेब.एक्सएमएल या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नसून केवळ ॲनोटेशनने (कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने) केलेली असते, ते नव्या सर्व्हरवर निमूटपणे डिप्लॉय होते (बसवले जाते), लॉगमध्ये काम पूर्ण झाल्याची ओळ उमटते आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०४ (पान सापडले नाही) दिसतो. जुन्या नावाचे ॲनोटेशन टॉमकॅट ओळखतच नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने काही बिघडलेलेच नसते. निदान एखादी इशाऱ्याची ओळ तरी लॉगमध्ये यायला हवी होती. लिसनर (ॲप्लिकेशन सुरू-बंद होण्यासारख्या घटनांवर चालणारा कोड) किंवा फिल्टर (सर्व्हलेटच्या आधी विनंती हाताळणारा कोड) वेब.एक्सएमएलमध्ये असेल तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. पण तेव्हाही कॅटालिना.आउट या मुख्य लॉगमध्ये ‘लिसनर सुरू होऊ शकला नाही’ एवढेच कळते आणि मूळ कारण शेजारच्या लोकलहोस्टच्या लॉगमध्ये शोधावे लागते.

यावर टॉमकॅटनेच दिलेला उपाय मात्र मनापासून दाद देण्याजोगा आहे. जुनी वॉर फाइल (ॲप्लिकेशनचा एकत्र बांधलेला संच) ‘वेबॲप्स’ऐवजी ‘वेबॲप्स-जावाईई’ या फोल्डरमध्ये ठेवली की सर्व्हर तिचे रूपांतर करून ती स्वतःच योग्य जागी ठेवतो. हेच साधन स्वतंत्रपणे कमांड लाइनवरूनही चालवता येते, आणि मोठ्या वॉर फाइलसाठी मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण रूपांतरित फाइल आधी तपासून पाहता येते. सोर्स कोड हाताशी असेल तर तो बदलणे केव्हाही श्रेयस्कर. फक्त सरसकट ‘शोधा आणि बदला’ करू नये. जावाएक्स.एसक्यूएल आणि जावाएक्स.नेमिंग ही जेडीकेची, म्हणजे मूळ जावा संचाची, पॅकेजेस असल्याने त्यांची नावे तशीच राहिली आहेत.

कॉन्फिगरेशनबाबत माझे मत ठाम आहे : जुना ‘कॉन्फ’ फोल्डर उचलून नव्यावर टाकू नये, नव्या फाइल उघडून आपले बदल त्यांत हाताने भरावेत. मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना याचा थेट फायदा आहे. टॉमकॅट १० च्या ‘कॉन्फ’मधील वेब.एक्सएमएलमध्ये विनंती आणि उत्तर या दोहोंचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ ठरवून दिलेले आहे. त्यामुळे फॉर्ममधून आलेल्या देवनागरी नावांचे गिचमिड रोमन चिन्हांत रूपांतर होऊ नये म्हणून वेगळा फिल्टर लावण्याची गरज उरत नाही. जुनी फाइल वर टाकली की ही सोय गेलीच. सर्व्हर.एक्सएमएलचेही तेच. कीस्टोअरची (एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे ठेवणाऱ्या फाइलची) माहिती थेट कनेक्टरवर (जोडण्या स्वीकारणाऱ्या घटकावर) लिहिण्याची जुनी पद्धत इथे चालत नाही, त्यासाठी एसएसएलहोस्टकॉन्फिग हा वेगळा घटक लागतो.

टॉमकॅटच्या पुढे अपाचे एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर ठेवून दोघांना एजेपी या प्रोटोकॉलने जोडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ ही सुरक्षात्रुटी उघड झाल्यापासून एजेपी कनेक्टर मुळात बंद असतो, सुरू केला तरी फक्त लूपबॅक पत्त्यावर (त्याच यंत्रावरून) ऐकतो आणि ‘सीक्रेट’ हा सांकेतिक शब्द मागतो. तो दिला नाही तर कनेक्टर सुरू होत नाही, पण इथे निदान कारण स्पष्ट शब्दांत सांगितले जाते.

डेबियन १२ या लिनक्सवर हा बदल लांबणीवर टाकणे कठीण आहे, कारण तिथे सर्व्हर म्हणून टॉमकॅट १० चेच पॅकेज मिळते. शिवाय त्या पॅकेजची सिस्टमडी (सेवा चालवणारी लिनक्सची यंत्रणा) सेवा ठरावीक फोल्डरबाहेर लिहू देत नाही. अपलोड अन्यत्र साठवत असाल तर फोल्डरची मालकी बदलून भागत नाही, सेवेच्या ‘रीडराइटपाथ्स’मध्येही त्या फोल्डरची नोंद करावी लागते. डेटाबेसचा ड्रायव्हर जुन्या ‘लिब’ फोल्डरमधून नव्यात आणायला विसरू नये, हे वेगळे सांगायला नको.

सोर्स कोड हाती नाही आणि ॲप्लिकेशन पुरवणारा जकार्ता आवृत्ती देत नाही, अशांनी आधी चाचणी सर्व्हरवर रूपांतर करून प्रत्येक पान उघडून पाहावे, आणि तोवर टॉमकॅट ९ चीच अद्ययावत आवृत्ती चालू ठेवावी.