प्रायोजकाचा पैसा: निधीत जमा की परस्पर खर्च?

स्थानिक परिषदेच्या महोत्सवाला प्रायोजक मिळाला, की पैसा दोन वाटांनी येऊ शकतो: एकतर तो परिषदेच्या निधीत जमा होऊन तिथूनच खर्ची पडतो, नाहीतर मंडपाचे आणि ध्वनियंत्रणेचे बिल प्रायोजक परस्पर चुकते करतो.

परस्पर खर्चाची वाट सुटसुटीत आहे आणि निविदेत वेळ जात नाही, हे मान्यच करायला हवे. मात्र जमाखर्चात कार्यक्रमापुढे शून्य दिसते आणि तो फुकटात झाल्याचे सभागृहात सांगितले जाते, तेव्हा खांबांवर झळकलेल्या फलकांचे माफ केलेले जाहिरात शुल्क, सफाई कामगारांचा जादा कामाचा भत्ता आणि मैदानाचे न घेतलेले भाडे यांची एकत्रित नोंद कुठेच सापडत नाही. सार्वजनिक क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय लेखामानकांपैकी २००६ च्या २३ व्या मानकानेही मोफत मिळालेल्या सेवांची नोंद ऐच्छिकच ठेवली होती. असे व्यवहार त्या फटीतून सहज निसटू शकतात.

निधीत जमा झालेल्या रकमेला पावती असते, लेखाशीर्ष असते आणि लेखापरीक्षकाला तपासायला कागद असतो. अर्थात, सगळी रक्कम ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली ढकलली, तर तीही आंधळीच. प्रायोजकाचे नाव, रक्कम, बदल्यात दिलेली सवलत आणि त्याचा एखादा परवान्याचा वा बांधकामाचा अर्ज परिषदेपुढे प्रलंबित आहे का, एवढे चार रकाने नोंदवहीत हवेतच. माझा कौल याच वाटेला आहे; उशिराची तक्रार खरी असली, तरी लहान रकमांच्या मंजुरीचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देऊन ती सोडवता येते.