सरडे-पालींतील परजीवींचा स्लाइड-संच: रंग चांगला, लेबले अपुरी

रत्नागिरीतील आमच्या प्राणिशास्त्र विभागासाठी जूनमध्ये पाली, सरडे आणि सापसुरळ्यांतील परजीवी कृमींच्या १२ तयार स्लाइडचा संच मागवला. वर्गासाठी रानातले प्राणी पकडून फाडण्याचे दिवस संपले, ते बरेच झाले. घोरपड तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे.

संचातील सर्वांत सरस स्लाइड ऊकोरिस्टिका या पट्टकृमीची (फितीसारख्या चपट्या कृमीची) आहे. कारमाइन या लाल रंजकाचा रंग एकसारखा चढला असल्याने डोक्यावरचे चिकटून राहण्याचे चार चूषक आणि हुकांसारख्या आकड्यांचा अभाव पहिल्या नजरेतच कळतो, आणि भुंगेऱ्यांसारखे कीटक खाताना हा कृमी सरड्याच्या आतड्यात कसा पोहोचतो, हे समजावणे सोपे जाते.

सूत्रकृमींनी, म्हणजे दोऱ्यासारख्या गोल कृमींनी, मात्र निराशा केली. फॅरिंगोडॉन या सूत्रकृमीचा नर शेपटीकडच्या पातळ पंखांसारख्या पडद्यांवरून ओळखायचा, पण इथे तो वेटोळे घालून बसला आहे. जिवंत सूत्रकृमी ७० टक्क्यांच्या गरम अल्कोहोलमध्ये टाकला की ताठ होतो, थंड द्रावणात मारला की आखडतो. तेव्हा चूक कोणत्या टप्प्यावर झाली, हे उघड आहे. शिवाय लॅक्टोफेनॉल या द्रावणात पारदर्शक केलेला कृमी काचेखाली फिरवून पाहता येतो, ती सोय कायमच्या स्लाइडमध्ये नाही.

पालीच्या फुप्फुसातल्या रेलिएटिएला या परजीवीच्या स्लाइडवरही 'कृमी' असेच लिहिले आहे. वास्तविक तो कवचधारी संधिपादांत (खेकडा-कोळंबीच्या गटात) मोडतो आणि झुरळांमार्फत पालीत शिरतो. तो कोळंबीचा दूरचा नातलग, असे सांगितल्यावर त्या दिवशी डब्यात कोळंबीचे कालवण आणलेल्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

सर्वांत मोठी उणीव लेबलांची. 'सरडा, भारत' एवढ्यावर काम भागत नाही. सूत्रकृमी जठरात सापडला तर फायसालोप्टेराचा विचार करायचा, मोठ्या आतड्यात सापडला तर फॅरिंगोडॉनचा. म्हणजे अवयवाच्या नोंदीवरच निम्मी ओळख ठरते, आणि तीच नोंद इथे नाही. प्राण्याची जात, ठिकाण, तारीख यांचाही पत्ता नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्याला आषाढातच बुरशी धरली, म्हणून स्लाइड दमटपणा टाळण्यासाठी बल्ब लावलेल्या कपाटात हलवाव्या लागल्या. फुटलेल्या दोन स्लाइड विक्रेत्याने विनातक्रार बदलून दिल्या, हे नमूद केले पाहिजे. पट्टकृमींच्या स्लाइड सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्याव्यात. सूत्रकृमींसाठी मी या खेपेला कुपीतले नमुने मागवले आहेत.